पुण्यात बनलेल्या ई 220 च्या सस्पेन्शनमध्ये नेमकं काय बसवलं होतं?

गाडी 1996 ची मर्सिडीज ई 220, कंपनीच्या मॉडेल-क्रमांकाने डब्ल्यू 124 सेडान, तिसऱ्या मालकाकडे आलेली. विकणाऱ्याने सांगितलं होतं की सस्पेन्शन पूर्ण नवं केलंय, बिल्स्टाइन या जर्मन कंपनीचे शॉकअप टाकलेत. पुरावा म्हणून त्याने पुढचे पिवळे शॉकअप दाखवले आणि एक बिल दिलं. बिलावर ‘फ्रंट सस्पेन्शन काम, स्प्रिंग सेट’ एवढंच होतं. ना पार्ट नंबर, ना कंपनीचं नाव.

नव्या मालकीणबाई साताऱ्याच्या डॉक्टर. त्यांची तक्रार साधी होती. गाडी पुढून खाली बसल्यासारखी दिसते, डावीकडे जरा जास्तच; स्पीडब्रेकर उतरताना पुढून ‘ठक्’ असा आवाज येतो; आणि सरळ रस्त्यावर मागची बाजू घट्ट, पुढची मात्र डोलणारी वाटते. गॅरेजमध्ये त्यांना दोन सल्ले मिळाले होते. एकाने सांगितलं, स्प्रिंगा बसल्यात, नव्या टाका. दुसऱ्याने सांगितलं, बिल्स्टाइन कडकच असतात, सवय होईल. दोघांपैकी कोणीही गाडीखाली जाऊन नंबर वाचला नव्हता.

माझं म्हणणं पहिल्याच फोनवर हे होतं की डॉक्टर, आत्ता एकही पार्ट मागवू नका. आत काय आहे हे कळल्याशिवाय नवा पार्ट मागवणं म्हणजे शॉकअप एका उंचीचे, स्प्रिंगा दुसऱ्या उंचीच्या आणि बुश (सांध्यांत बसणारे रबरी तुकडे) तिसऱ्याच मापाचे असं होतं, आणि जुन्या मर्सिडीजमध्ये ही खिचडी पैशाने फार महाग पडते. शिवाय बाहेरचे, म्हणजे मर्सिडीजचे मूळ नसलेले, पार्ट असणं हा दोष नाही. मेळ नसलेले पार्ट असणं हा दोष. म्हणून ओळख पटवणं आधी, मत नंतर.

गाडीची पार्श्वभूमी

मर्सिडीजने भारतात पहिली गाडी 1995 मध्ये बाहेर काढली ती हीच 124, पिंपरीत टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात. जर्मनीत 124 सेडानचं उत्पादन त्याच वर्षी थांबत होतं. इथे सुट्या भागांच्या पेट्या जर्मनीहून येत आणि जोडणी पिंपरीत होई. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिक या पट्ट्यात आजही या गाड्या बऱ्या संख्येने दिसतात, आणि त्यांची कामं करणारे मिस्त्रीही इथेच तयार झाले. कायद्याच्या भाषेत ही ‘व्हिंटेज’ नाही, कारण 2021 च्या नियमांनुसार त्यासाठी पन्नास वर्षांहून जुनी गाडी लागते. जुन्या गाड्यांच्या मंडळींसाठी मात्र ती केव्हाच क्लासिक झालेली आहे.

सस्पेन्शनची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पुढे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा एक रुंद कंट्रोल आर्म, त्यावर वेगळी बसवलेली कॉइल स्प्रिंग, आणि स्प्रिंगपासून स्वतंत्र असा उभा शॉकअप. बहुतेक आजच्या गाड्यांत स्प्रिंग शॉकअपला गुंडाळलेली असते, इथे तसं नाही. मागे प्रत्येक चाकाला पाच लिंक, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून दहा. ही मांडणी मर्सिडीजने पहिल्यांदा 1982 च्या 190 मध्ये, म्हणजे डब्ल्यू 201 मध्ये आणली. मागची स्प्रिंग आणि शॉकअप खालच्या मोठ्या लिंकवर बसतात आणि त्या लिंकला खालून प्लास्टिकचं झाकण असतं.

जॅक लावण्याआधी

पहिलं काम सपाट फरशीवर. चारही टायरची हवा सारखी केली, गाडी थोडी पुढेमागे ढकलून मोकळी केली आणि मगच मोजली. लिफ्टवरून उतरवल्याबरोबर मोजलं तर रबरी बुश पीळ धरून असतात आणि माप खोटं येतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं. पुढे डावी बाजू उजवीपेक्षा 15 मिमी खाली. मागे दोन्ही बाजूंत फक्त 3 मिमीचा फरक, तो चालतो. म्हणजे बिघाड पुढच्या धुऱ्यावर होता आणि त्यातही दोन वेगळे: एक, संपूर्ण पुढची बाजू खाली, दोन, डावी जास्त खाली. या दोन गोष्टींचं कारण एकच असेल असं धरून चालायचं नाही.

मर्सिडीज स्वतः उंची मडगार्डवरून मोजत नाही, कंट्रोल आर्मच्या तिरकेपणावरून मोजते, आणि ते बरोबरच आहे. अपघातात मडगार्ड बदललेलं असलं, पत्रा ठोकलेला असला, तर कडेचं माप फसवतं. या गाडीच्या डाव्या मडगार्डला पुट्टी होती, म्हणून मी दोन्ही आर्मचाही कोन पाहिला. तिथेही डावा आर्म जास्त वर उचललेला. म्हणजे फरक पत्र्याचा नव्हता.

दुसरी खूण मला फार महत्त्वाची वाटते आणि ती कोणी पाहत नाही. पुढच्या कंट्रोल आर्मच्या आतल्या बाजूला दोन बोल्ट आहेत, त्यांची डोकी मध्यबिंदूपासून सरकलेली, म्हणजे एक्सेन्ट्रिक. ते फिरवून चाकाचे कोन लावतात: कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाकाची आत-बाहेर झुक, कॅस्टर म्हणजे बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा कल. मूळ उंचीच्या, न ठोकलेल्या गाडीत ते साधारण मधल्या पट्ट्यात असतात. इथे दोन्ही बाजूंचे बोल्ट एका टोकाला जाऊन अडकले होते. गाडी खाली बसली की चाकं वरून आत झुकतात. आलाइनमेंटवाल्याने ती झुक काढण्यासाठी बोल्ट शेवटपर्यंत फिरवले आणि मग थांबावं लागलं. एकही नट न खोलता कळलं की पुढची उंची कोणीतरी मुद्दाम उतरवली आहे. जुन्या झालेल्या स्प्रिंगेनेही उंची उतरते, पण सहसा एवढी नाही, आणि सहसा पुढे आणि मागे दोन्हीकडे थोडी थोडी.

नंबर कसा वाचायचा

मर्सिडीजचा पार्ट नंबर म्हणजे ‘ए’ आणि पुढे दहा आकडे. पहिले तीन आकडे ज्या मॉडेलसाठी तो पार्ट पहिल्यांदा काढला त्याचे. पुढचे तीन गटाचे: 320 पुढचा शॉकअप, 321 पुढची स्प्रिंग, 324 मागची स्प्रिंग, 326 मागचा शॉकअप, 350 च्या आसपास मागच्या लिंक. एवढं पाठ असलं की गाडीखाली पडल्या पडल्या अर्धी ओळख पटते.

इथे एक सापळा आहे, आणि चांगले मिस्त्रीही त्यात अडकतात. 124 च्या मागच्या भागात 201 ने सुरू होणारा नंबर दिसला की म्हणतात, ‘हा 190 चा पार्ट आहे, कोणीतरी भंगारातून काढून टाकलाय.’ तसं नसतं. मागची मांडणी मुळात 190 मधून आली, म्हणून कारखान्यानेच त्या नंबरचे पार्ट 124 ला बसवले. उलट, नंतरच्या मॉडेलचा नंबरही सापडू शकतो, कारण कंपनी जुना नंबर रद्द करून नवा देते आणि तोच पार्ट जुन्या गाडीलाही चालतो. त्यामुळे ‘नंबर 124 चा नाही’ एवढ्यावरून पार्ट बाहेरचा ठरत नाही. कॅटलॉगमध्ये गाडीच्या प्रकाराखाली पाहावं लागतं. ई 220 सेडानचा प्रकार 124.022, चेसिस नंबरात तो दिसतो.

दुसरा सापळा ताऱ्याचा. लेमफोर्डर ही कंपनी मर्सिडीजच्या कारखान्यालाच लिंक आणि बॉल जॉइंट पुरवत आली आहे. तोच पार्ट ती स्वतःच्या खोक्यात विकते तेव्हा मर्सिडीजचा तारा त्यावर ठेवता येत नाही, म्हणून कित्येकदा साच्यातला तारा ग्राइंडरने घासून टाकलेला असतो. लिंकवर घासलेला चौकोनी डाग दिसला की लोक घाबरतात, नंबर उडवला, चोरीचा माल, डुप्लिकेट. खरं तर तो डाग बहुतेक वेळा चांगली खूण आहे. शेजारीच कंपनीची छाप आणि साच्याचे आकडे असतील तर निर्धास्त राहावं. काहीच नसेल, फक्त गुळगुळीत काळा रंग असेल, तर मात्र शंका धरायची.

पुढचे पिवळे शॉकअप

बिल्स्टाइन म्हटलं की पिवळा रंग डोळ्यांसमोर येतो आणि ते खरंही आहे. जर्मनीतल्या एन्नेपेटालच्या या कंपनीने मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे, गॅस शॉकअप 1957 मध्ये मर्सिडीजसाठी मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले, तेव्हापासून दोघांचं नातं आहे. पण कारखान्यातून मर्सिडीजला बसून आलेला बिल्स्टाइन पिवळा असेलच असं नाही. पिवळे असतात ते बी 6 आणि बी 8: बी 6 म्हणजे मूळ उंचीसाठी जरा कडक, पूर्वी ज्याला हेवी ड्यूटी म्हणत, बी 8 म्हणजे उतरवलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. साध्या बदलीसाठीचा बी 4 पिवळा नसतो. म्हणून ‘पिवळा आहे’ या वाक्याला अर्थ फार थोडा. कोणता पिवळा, हा खरा प्रश्न.

गाडी घोड्यांवर (आधाराच्या लोखंडी स्टँडवर) घेतली, चाकं काढली. एक इशारा इथेच द्यायला हवा. या गाडीत चाक खाली लोंबकळल्यावर स्प्रिंगचा ताण पुढचा शॉकअपच धरून ठेवतो. खालच्या आर्मला जॅकचा आधार न देता शॉकअपचे बोल्ट सोडले तर आर्म खाली सुटतो आणि स्प्रिंग बाहेर उडू शकते. नंबर वाचण्यासाठी खोलायची गरज नसते, आणि खोलायचंच असेल तर 124 ची स्प्रिंग दाबायला आतून लागणारा प्लेटवाला कॉम्प्रेसर हवा. बाहेरून अडकवायचे साधे हूक इथे बसत नाहीत.

उजव्या शॉकअपवर टॉर्च मारला. पिवळा रंग अंगावर होता, खालच्या बोल्टच्या कडेवर होता, धुळीच्या रबरी बूटच्या खालच्या वळीवरही होता. कारखान्यात शॉकअप रंगवतात तेव्हा बोल्ट आणि बूट तिथे नसतात. बोटाने चाचपलं तर ब्रशचे केस गेल्याच्या रेघा लागत होत्या. थिनरमध्ये फडकं भिजवून ब्रॅकेटच्या वरची दोन बोटं जागा पुसली. पिवळा निघाला, खाली काळा आला, आणि काळ्यात ठोकलेली अक्षरं हळूहळू वर आली: झाक्स या जर्मन कंपनीचं नाव, 124 320 ने सुरू होणारा मर्सिडीजचा नंबर, आणि तारा. डाव्या बाजूलाही तेच. म्हणजे पुढचे शॉकअप मर्सिडीजचे मूळ, झाक्सने बनवलेले, आणि कोणीतरी हाताने पिवळे केलेले.

मिस्त्री शेजारी बसले होते. म्हणाले, “दादा, मग हे तर जुनेच की.” जुनेच. डाव्याच्या दांड्यावर तेल ओघळून धूळ चिकटलेली, आणि बूट वर सारला तर आतला बंपस्टॉप, म्हणजे शेवटचा धक्का झेलणारा ठोकळा, चुरा होऊन फक्त अर्धा उरलेला. स्पीडब्रेकरच्या आवाजाचं एक कारण सापडलं.

रंग देणाऱ्याने फसवायलाच दिला असेल असं मी धरत नाही. काही जण हौसेनेही रंगवतात. विकणाऱ्याला कदाचित तसंच सांगितलं गेलं असेल. ओळख पटवताना हेतू शोधायचा नसतो, धातू पाहायचा असतो.

पुढच्या स्प्रिंगा

इथे मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटला, कारण 124 ची स्प्रिंग समजून घेणं हीच खरी किल्ली आहे.

मर्सिडीज या गाडीला एकच स्प्रिंग लावत नव्हती. कारखान्यात गुणांची पद्धत होती. मूळ मॉडेलला काही गुण, मग एसी, ऑटोमॅटिक गिअर, सनरूफ अशा प्रत्येक जड साहित्याला आणखी गुण. बेरीज आली की तक्त्यात पाहून स्प्रिंग ठरे आणि तिच्यावर कोणत्या जाडीचा रबरी पॅड बसवायचा तेही ठरे. स्प्रिंगवर निळा किंवा लाल रंगाचा ठिपका असे, तो त्या स्प्रिंगेच्या ताकदीतला बारीक फरक सांगे आणि पॅड त्याप्रमाणे निवडला जाई. म्हणून दोन सख्ख्या ई 220 कारखान्यातूनच वेगळ्या स्प्रिंगा घेऊन बाहेर पडू शकतात. ‘माझ्या मित्राच्या गाडीत वेगळी आहे, म्हणजे तुमची बदललेली आहे’ हा युक्तिवाद 124 मध्ये टिकत नाही.

पॅडच्या कडेला बोटाला लागतील असे उंचवटे असतात, मिस्त्री त्यांना गाठी म्हणतात. पुढच्या पॅडला एक गाठ म्हणजे 8 मिमी जाड, दोन म्हणजे 13, तीन म्हणजे 18, चार म्हणजे 23. स्प्रिंग न काढताही, वरच्या खोबणीत बोट घालून या गाठी मोजता येतात. धूळ पुसून घ्यावी लागते, एवढंच.

मी डावीकडे बोट घातलं: एक गाठ. उजवीकडे: तीन. दोन पॅडमध्ये 10 मिमीचा फरक. स्प्रिंग चाकापेक्षा आतल्या बाजूला, आर्मच्या मध्याकडे बसते, त्यामुळे स्प्रिंगपाशी असलेला फरक चाकापाशी वाढून दिसतो. 15 मिमीचं कोडं तिथेच सुटलं. डावी स्प्रिंग ‘बसलेली’ नव्हती. बहुधा कधीतरी एक पॅड फाटला आणि हाताशी होता तो दुसरा टाकला गेला. पॅड ही किरकोळ रबराची चकती समजली जाते, म्हणून असं होतं.

आता स्प्रिंग. काळ्या पावडर कोटिंगची, दोन्ही बाजूंना सारखी, ठिपका कुठेच नाही, मर्सिडीजचा नंबर नाही. वेटोळी वरच्या टोकाला जवळजवळ आणि खाली लांब लांब. स्प्रिंगेची टोकं मी दोन्ही पाहिली, कारण इथल्या कामांत सर्वांत मोठी भीती कापलेल्या स्प्रिंगेची असते. कापलेली स्प्रिंग ओळखणं कठीण नाही: टोक ग्राइंडरने सरळ छाटलेलं, त्या तोंडावर कोटिंग नाही, गंज उघडा, आणि ते टोक आर्ममधल्या पायरीला नीट टेकत नाही. इथे दोन्ही टोकांवर कोटिंग अखंड होतं आणि खालचं टोक पायरीत व्यवस्थित बसलेलं. म्हणजे कापलेली नाही, मुळातच आखूड बनवलेली.

मग ओला कपडा आणि चिकाटी. मधल्या वेटोळ्यावर पांढऱ्या छपाईचे तुटक अवशेष सापडले. नाव खरवडून गेलं होतं, पण ‘व्हीए’ ही दोन रोमन अक्षरं स्पष्ट वाचता आली, आणि काही आकडे. ‘व्हीए’ म्हणजे जर्मन भाषेत पुढचा धुरा, फोर्डरआक्से. मागच्या जोडीवर ‘एचए’ असतं. जर्मनीत बनणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगांवर ही खूण हमखास छापतात, कारण त्या चार-चारच्या सेटमध्ये विकल्या जातात. प्रश्न लगेच उभा राहिला: सेटमधल्या मागच्या दोन कुठे आहेत?

व्हर्निअर लावून तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेटोळी मोजून ठेवली. हे माप का घ्यायचं ते नीट समजलं पाहिजे. स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात. तार 14 मिमीच्या जागी 14.5 असली, बाकी सगळं तेच, तर स्प्रिंग सुमारे 15 टक्के कडक होते. अर्धा मिमी डोळ्याला दिसत नाही, पण कंबरेला कळतो. म्हणून कोटिंगची जाडी वजा करून, एकाच वेटोळ्यावर तीन ठिकाणी माप घ्यायचं. लेसयोफोर्स, किलेन यांसारखे स्वीडिश उत्पादक आपल्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक स्प्रिंगेची तारेची जाडी, व्यास आणि मोकळी लांबी देतात. त्या आकड्यांशी ताडून पाहिलं की मूळ उंचीची स्प्रिंग आपल्या हातात आहे की नाही हे छापील नाव नसतानाही कळतं. इथली स्प्रिंग 124 च्या कोणत्याही मूळ उंचीच्या पुढच्या स्प्रिंगेशी जुळली नाही.

मागची बाजू

मागे गेलो तर चित्र नेमकं उलटं. स्प्रिंगांवर कागदी पट्टीचा तुकडा तीस वर्षांच्या चिखलाखाली अजून चिकटलेला, त्यावर 124 324 पर्यंत वाचता आलं, आणि रंगाचा ठिपकाही दिसला. म्हणजे मागच्या स्प्रिंगा कारखान्याच्या. पुढच्या उतरवल्या, मागच्या तशाच ठेवल्या. गाडी नाकावर पडल्यासारखी का दिसते, याचं उत्तर हे.

आणि मागचे शॉकअप? डांबर आणि धुळीने पूर्ण काळे. खालच्या प्लास्टिक झाकणामुळे अर्धे झाकलेले, विकणाऱ्याने दाखवलेच नसते. वायर ब्रश न वापरता फडक्याने पुसले, कारण ब्रशने स्टिकर उडतो. आतून पिवळा आला, एकसारखा, ब्रशच्या रेघा नसलेला, निळ्या अक्षरांत बिल्स्टाइनचं नाव, आणि त्या कंपनीच्या पद्धतीचा नंबर: दोन आकडे, आडवी रेघ, मग सहा आकडे. स्टिकर बाजारात छापून मिळतो, म्हणून त्यावर थांबलो नाही. नंबर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये पाहिला, तो 124 च्या मागच्या बी 6 चाच निघाला. नंतर मागचा एक शॉकअप काढून पाहिला तेव्हा खात्रीही झाली. दांडा हाताने आत दाबला की सोडल्याबरोबर तो स्वतःहून पूर्ण बाहेर येतो, आणि दाबायलाही जोर लागतो. उच्च दाबाच्या गॅसचा मोनोट्यूब असाच वागतो.

म्हणजे ‘बिल्स्टाइन टाकलेत’ हे वाक्य खोटं नव्हतं. फक्त ते गाडीच्या दुसऱ्या टोकाला खरं होतं.

दहा लिंकांपैकी आठांवर तारा आणि नंबर, काही 201 चे, ते ठीक. एकीवर घासलेला तारा आणि लेमफोर्डरची छाप, तीही ठीक. डावीकडची वरची कॅम्बर लिंक मात्र कोरी. नंबर नाही, साच्याची खूण नाही, वेल्डिंगची शिवण जाड, आणि बुशच्या आतली धातूची नळी मध्यावर नसून एका बाजूला कललेली. त्या चाकाच्या टायरची आतली कड झिजलेली होती. ही एकच लिंक मी बिनधास्त ‘काढून टाका’ म्हणून लिहिली.

शेवटी पुढचा अँटिरोल बार, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी आडवी सळई. 124 मध्ये त्याची टोकं बुश आणि क्लॅम्पने थेट खालच्या आर्मला धरतात. तिथे लाल पॉलियुरेथेनचे बुश होते. लाल आणि काळा हे एनर्जी सस्पेन्शनसारख्या कंपन्यांचे नेहमीचे रंग, जांभळा पॉवरफ्लेक्सचा. पण रंगावरून कंपनी ठरवायची नाही हे पुढच्या शॉकअपने शिकवलंच होतं, आणि इथे कंपनी शोधायची गरजही नव्हती. पॉलियुरेथेन बुशवर बहुतेक वेळा आतल्या भोकाचं माप साच्यातच उमटवलेलं असतं. ते माप आणि व्हर्निअरने घेतलेली बारची जाडी यांत दीड मिमीचा फरक निघाला. बुश मोठा, बार लहान. हाताने बार हलवला तर तोच ‘ठक्’ आवाज. आवाजाचं दुसरं कारण.

काय ठरवलं

कागदावर गाडीचं चित्र असं उतरलं: पुढचे शॉकअप मूळ आणि संपलेले, पुढच्या स्प्रिंगा बाहेरच्या आणि आखूड, पॅड बेमेळ, पुढचे बुश चुकीच्या मापाचे, मागच्या स्प्रिंगा मूळ आणि चांगल्या, मागचे शॉकअप बाहेरचे आणि उत्तम, एक लिंक टाकाऊ.

डॉक्टरांसमोर दोन वाटा होत्या. मागेही लोअरिंग स्प्रिंगा टाकून गाडी चारही बाजूंनी खाली न्यायची आणि बी 8 घ्यायचे, किंवा पुढची बाजू मूळ उंचीला आणायची. त्यांचं जाणं-येणं सातारा-पुणे, म्हणजे खंबाटकीचा घाट आणि दोन्ही शहरांतले स्पीडब्रेकर. त्यांनी लगेच मूळ उंची निवडली आणि मलाही तेच योग्य वाटलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला हरकत घेतं. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीचं नोंदणी नूतनीकरण दर पाच वर्षांनी तपासणी होऊन होतं, तेव्हा मूळ उंचीची गाडी मालकाला निवांत ठेवते.

चेसिस नंबर आणि गाडीतल्या साहित्यावरून पुढच्या बाजूचे गुण मांडले, त्याप्रमाणे पुढच्या स्प्रिंगा मागवल्या आणि पॅड दोन्ही बाजूंना एकाच गाठींचे घेतले. पुढचे शॉकअप बी 6 घेतले, कारण मागे बी 6 आहेत आणि बी 6 मूळ उंचीसाठीच बनतो. बंपस्टॉप आणि बूट नवे. बारला रबरी बुश, बारच्या जाडीच्या मापाचे. डावी कॅम्बर लिंक लेमफोर्डरची. मागचे शॉकअप आणि स्प्रिंगा होत्या त्याच ठेवल्या. पुढच्या भागाचं पूर्ण किट घेण्याचा आग्रह एका दुकानाने धरला होता, तो आम्ही मानला नाही. चांगला पार्ट काढून नवा टाकणं हे जुन्या गाडीवर अन्यायच आहे.

जोडताना मिस्त्रींनी एक गोष्ट न सांगता केली आणि मला फार बरं वाटलं. आर्म आणि लिंकचे रबरी बुशवाले बोल्ट त्यांनी लिफ्टवर फक्त हाताने धरले, गाडी चाकांवर उतरवली, पुढे-मागे ढकलली आणि मगच पूर्ण आवळले. लटकत्या अवस्थेत आवळले असते तर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटले असते, शिवाय उंचीचं मापही बिघडलं असतं.

आलाइनमेंट करताना एक्सेन्ट्रिक बोल्ट आता मधल्या पट्ट्यात आले आणि दोन्ही बाजूंचे कॅम्बर-कॅस्टर सहज जुळले. पुढच्या दोन्ही बाजूंत 4 मिमीचा फरक उरला. स्पीडब्रेकरचा आवाज गेला. घाटात पुढचं आणि मागचं एकत्र वळतं, हे डॉक्टरांनीच फोन करून सांगितलं.

काढलेल्या लोअरिंग स्प्रिंगा फेकल्या नाहीत. तारेची जाडी, व्यास, वेटोळी आणि ‘पुढचा धुरा’ असं लिहिलेला कागद गुंडाळून त्या डॉक्टरांच्या गॅरेजात ठेवल्या आहेत, सोबत नव्या पार्टांचे नंबर लिहिलेलं बिल. मागच्या सबफ्रेमचे, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीचे, चार रबरी माउंट मात्र अजून कारखान्यातलेच आहेत आणि रबराला बारीक भेगा दिसतात. पुढच्या सर्व्हिसला गाडी वर घेतली की आधी तेच तपासायचं ठरलंय.